काळ्या रंगाची तक्रार

कलाशाळांतून 'रंगसिद्धान्त' नावाचा एक विषय शिकवला जातो. कापडाची नक्षी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, जाहिरात, खोलीची सजावट या सगळ्यांची आखणी परिणामकारक कशी करावी, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा, हे त्यात सांगितलेले असते. न्यूटनचे सात रंग, रंगांचे वर्तुळ, पूरक रंगांच्या जोड्या असा त्याचा अभ्यासक्रम असतो. विषय निरुपद्रवी वाटतो. परंतु या विषयाला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात माणसाच्या कातडीचा व त्याच्या पायरीचा प्रश्न सारखा डोकावत राहिला आहे. पाठ्यपुस्तके याबद्दल बोलत नाहीत. ज्या समाजाने रंग आणि माणसाची पायरी या दोहोंसाठी 'वर्ण' हा एकच शब्द हजारो वर्षे वापरला, त्या समाजात तरी हा इतिहास नीट वाचला गेला पाहिजे.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भारद्वाज यांचा संवाद आहे. भृगू सांगतो की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. म्हणजे हासुद्धा एक रंगसिद्धान्तच झाला. यावर भारद्वाजाने विचारलेला प्रश्न आजही ताजा आहे. तो म्हणतो, रंगावरून वर्ण ठरत असेल तर सगळ्याच वर्णांत सगळेच रंग मिसळलेले दिसतात. काम, क्रोध, भय, भूक, थकवा आपल्या सगळ्यांनाच आहेत. घाम, कफ, पित्त, रक्त सगळ्यांच्याच देहातून वाहते. मग वर्ण वेगळा काढायचा कसा? प्रश्न बिनतोड आहे. भृगू त्याला सरळ उत्तर देत नाही. तो रंगाला कर्माशी नेऊन जोडतो, आणि जे हिंसा व असत्य यांत रमले, लोभी झाले, शुचितेपासून ढळले आणि मिळेल ते काम करून जगू लागले ते काळे झाले, शूद्र झाले, असे सांगतो. मिळेल ते काम करून जगणे हा येथे दोष ठरला आहे. काळा रंग ही त्या दोषाची खूण आहे.

नाट्यशास्त्राने हाच सिद्धान्त प्रत्यक्ष आखणीत उतरवला. आहार्य अभिनयाच्या अध्यायात नटाने अंगाला कोणता रंग लावावा याचे नियम आहेत. पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा असे चार मूळ रंग सांगून त्यांच्या मिश्रणांची कृती दिली आहे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, पांढरा आणि तांबडा मिळून कमळाचा रंग, असा तो तपशील आहे. निरीक्षण चांगले आहे, व्यवहारी आहे. आणि त्याच अध्यायात, त्याच सहजपणे, ब्राह्मण-क्षत्रियांची सोंगे गौर-तांबूस रंगवावीत, वैश्य-शूद्रांची श्याम रंगवावीत, किरात, आंध्र, द्रविड, पुलिंद हे काळे रंगवावेत, असेही लिहून ठेवले आहे. रंग कसे मिसळतात हे डोळ्यांनी पाहून लिहिलेले ज्ञान आणि माणसे कोणत्या रंगाची असावीत हा हुकूम, दोन्ही एकाच पानावर नांदतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हू वेअर द शूद्राज' या ग्रंथात वर्ण म्हणजे कातडीचा रंग हे पाश्चात्त्य पंडितांचे समीकरण तपासले आणि ते फेटाळून लावले. वर्ण या शब्दाचा मूळ संबंध श्रद्धेशी, पंथाशी होता, रंगाशी किंवा कांतीशी नव्हता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. काळ्या माणसाचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतील नाते १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेव्हा जुळले असे मानणाऱ्यांनी ही दोन अर्पणपत्रिकांची पाने उलटून पाहावीत.

युरोपातही असाच प्रकार आढळतो. जर्मन कवी गटे याने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. रंगीत सावल्या, एका रंगाकडे टक लावून पाहिल्यावर डोळ्यांसमोर उभा राहणारा दुसरा रंग, अशा गोष्टींची त्याची निरीक्षणे अप्रतिम आहेत आणि चित्रकार आजही ती वाचतात. परंतु त्याच ग्रंथात रानटी लोकांना, अशिक्षितांना आणि मुलांना भडक रंग आवडतात, सुसंस्कृत माणसे ते टाळतात, असे तो नोंदवतो. एवढ्यावर थांबत नाही. ज्याच्या कातडीत कोणताही ठळक रंग उठून दिसत नाही असा गोरा माणूस हाच सर्वांत सुंदर, असेही विधान करतो. महाकवीची ही गंमत पाहण्यासारखी आहे. रंगांवर एवढा ग्रंथ लिहायचा, आणि शेवटी सौंदर्य कशात, तर रंग नसण्यात! 'भडक रंग' हा शेरा आपल्याकडेही कोणाच्या लुगड्याला, कोणाच्या घराच्या भिंतीला आणि कोणाच्या मिरवणुकीला मिळतो हे वाचकांना सांगायला नको.

भृगू, नाट्यशास्त्र आणि गटे यांच्यात काळाचे व देशाचे प्रचंड अंतर आहे. तरी एक समजूत समान आहे. रंग हा वस्तूच्या किंवा माणसाच्या अंगचा, कायमचा गुण आहे, आणि रंगारंगांत उच्चनीचता आहे, ही ती समजूत. रंगविचारातून या समजुतीला पहिला जबर धक्का बसला तो कोणा तत्त्वज्ञाच्या अभ्यासिकेत नाही. तो बसला रंगाऱ्यांच्या कारखान्यात, एका तक्रारीवरून.

पॅरिसमध्ये बिएव्र नावाची लहानशी नदी होती. आता ती शहराखाली गाडली गेली आहे. तिच्या काठी पंधराव्या शतकापासून गोब्लँ नावाच्या रंगारी कुटुंबाचे कारखाने होते. त्याच काठी कातडी कमावणाऱ्यांचीही वस्ती होती. कातडे आणि रंग, दोहोंनाही वाहते पाणी लागते, आणि दोहोंची घाण त्याच पाण्यात जाते. १६६२ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत तेथे सरकारी कारखाना उभा राहिला आणि रंगाऱ्याचेच नाव त्याला कायम राहिले. भिंतीवर टांगण्यासाठी लोकरीच्या रंगीत धाग्यांनी विणलेली प्रचंड चित्रे, ज्यांना टॅपेस्ट्री म्हणतात, ती तेथे तयार होत. १८२४ साली या कारखान्याच्या रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल अजेन शेवरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारला. या नोकरीपूर्वी त्याने अनेक वर्षे प्राण्यांच्या चरबीवर संशोधन केले होते; साबण आणि मेणबत्ती यांच्या उद्योगाला त्याचा मोठा उपयोग झाला. चरबी, आणि मग रंगाच्या कढया! आपल्याकडच्या एखाद्या शास्त्रीबुवाने हे दोन विषय निवडले असते तर प्रायश्चित्ताचा खर्च किती आला असता कोण जाणे.

शेवरल रुजू झाला तेव्हा कारखान्यातल्या रंगांबद्दल तक्रारींचा ढीग साचला होता. काही रंग उडतात, टिकत नाहीत, अशा तक्रारी होत्या. त्या तपासल्यावर खऱ्या निघाल्या. परंतु एक तक्रार वेगळी होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांमध्ये सावली दाखवण्यासाठी जी काळी लोकर वापरत ती पुरेशी काळी दिसत नाही, तिच्यात जोर नाही, असे विणकर म्हणत. ठपका अर्थातच रंगाऱ्यांवर होता. शेवरलने पॅरिसच्या इतर कारखान्यांतून, व्हिएन्नाहून आणि आणखी काही ठिकाणांहून काळी लोकर मागवली आणि गोब्लँच्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली. गोब्लँचा काळा कोणापेक्षाही कमी नव्हता. मग उणीव कोठे होती? ती शेजारात होती. निळ्या रंगाशेजारी ठेवला की त्याच काळ्यावर निळ्याच्या पूरक रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक चढे आणि तो विटल्यासारखा, तांबूस दिसे. लोकर तीच, रंग तोच. शेजार बदलला की रूप बदलते.

या एका धाग्यावरून त्याने पुढे वर्षानुवर्षे प्रयोग केले. १८२८ साली ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि १८३९ साली 'रंगांच्या एकसमयी विरोधाचा नियम' या विषयावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. नियम थोडक्यात असा : दोन रंग एकाच वेळी शेजारी शेजारी पाहिले की डोळा त्यांच्यातील फरक वाढवून पाहतो. गडदाशेजारी फिका अधिक फिका दिसतो, फिक्याशेजारी गडद अधिक गडद; आणि प्रत्येक रंग आपल्या पूरक रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. आज डिझाइनची विद्या म्हणून जे काही शिकवले जाते त्याचा बराचसा पाया हा आहे. दलाक्र्वा, सरा यांसारख्या चित्रकारांनी त्याचा कसा उपयोग केला, याची कथा कलेच्या इतिहासात विस्ताराने येते. तिच्यात येथे शिरायचे कारण नाही.

मला या ग्रंथातली एक साधी हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. काही कापडव्यापाऱ्यांनी तांबडे, जांभळे आणि निळे असे एकरंगी कापड एका छपाईवाल्याकडे दिले आणि त्यावर काळी नक्षी छापायला सांगितली. माल हाती आल्यावर ते भांडायला उभे राहिले. तांबड्यावर तू हिरवी नक्षी छापलीस, जांभळ्यावर हिरवट पिवळी छापलीस, निळ्यावर तांब्याच्या रंगाची छापलीस; आम्ही काळी सांगितली होती. छपाईवाल्याने तर सगळीकडे एकच काळा रंग वापरला होता. शेवरलने काय केले? पांढरा कागद घेतला आणि नक्षी तेवढी उघडी राहील अशा रीतीने भोवतालचे रंगीत कापड झाकून टाकले. नक्षी काळीभोर दिसू लागली. मग उलट बाजूने, काळ्या कापडाचे तुकडे कातरून त्याने तेच तांबड्या, जांभळ्या आणि निळ्या कापडावर ठेवून दाखवले. ते तुकडेही तसेच हिरवे-पिवळे-तांबूस दिसले. व्यापारी गप्प झाले.

कामगाराच्या हाताला खोटे ठरवणाऱ्या मालकांना एका कागदाच्या तुकड्याने उत्तर मिळाले. श्रमाच्या इतिहासात अशा घटना फार थोड्या आहेत. ज्याच्यावर दोष लादला जातो त्याच्या अंगी तो दोष नसून तो ज्या पार्श्वभूमीवर ठेवला गेला आहे तिच्यात तो आहे, हे येथे वाद घालून सांगितलेले नाही, दाखवून दिले आहे. मात्र याची भाबडी उपमा करण्याचा मोह टाळला पाहिजे. शेवरलचा नियम डोळ्यांचा नियम आहे. गावकुसाबाहेरचे घर हा काही दृष्टिभ्रम नाही. पांढरा कागद लावून गाव झाकता येत नाही. त्याची तपासणी करण्याची पद्धत मात्र आपण उचलावी. तक्रार आली की आधी काळ्याला दोष न देता त्याच्या भोवती काय आहे ते पाहायचे, ही ती पद्धत.

आणखी एक नोंद करून ठेवतो. ग्रंथावर नाव शेवरलचे आहे. कढईत लोकर बुडवणाऱ्या, काळा 'कमी पडतो' हे डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. तरीही तो शास्त्रज्ञ रंगाऱ्यांच्या कारखान्यात रोज जात होता, त्यांच्या भांडणातून प्रश्न उचलत होता, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

आपल्याकडे हे का घडले नाही? ज्ञान नव्हते असे नाही. कातडी कमावणाऱ्या ढोराला माहीत होते की बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याला लोखंडाचे पाणी लागले की ते काळे पडते. हिरडा आणि लोखंड यांपासून कापडावर पक्का काळा कसा चढवायचा हे रंगारी जाणत होते. युरोपातला रंगारी हिरड्याच्या जागी मायफळ वापरी, रसायन एकच. निराळी समाजाचा तर निळीच्या कुंडावरच संसार होता. पण ज्यांचे हात रंगात होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी रंगाला स्पर्श करणे पाप ठरवले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, ब्राह्मणाने संकटकाळीही विकू नयेत अशा वस्तूंची यादी आहे. तिच्यात दारूच्या जोडीला नीळ आणि लाख आहेत. नंतरच्या स्मृतींनी निळीत रंगवलेले वस्त्र अंगावर आले तरी प्रायश्चित्त सांगितले. विद्येपासून हात तोडला आणि हातापासून विद्या तोडली, मग कढईतून सिद्धान्त निघणार कसा?

याच निळीने पुढे युरोपची बाजारपेठ भरली. शेवरलने तरुणपणी निळीच्या रसायनाचा अभ्यास केला होता, आणि त्या काळी युरोपात उतरणारी नीळ मोठ्या प्रमाणावर बंगालची असे. ज्या निळ्याशेजारी काळा फिका पडला, त्या निळ्यामागे बंगालच्या रयतेचा घाम असण्याचा पुष्कळ संभव आहे. १८५९-६० साली त्या रयतेने नीळ पेरायला नकार दिला. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि मळेवाल्यांचा धंदा बसला. तरी चंपारणच्या शेतकऱ्याच्या मानेवरचे जोखड १९१७ सालापर्यंत उतरले नव्हते.

ज्या निळीला स्मृतिकारांनी अपवित्र म्हटले तोच रंग आज आपल्या झेंड्याचा आहे. तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. जयंतीच्या कमानी आणि मोर्चाचे फलक रंगवताना पुष्कळदा निळ्या कापडावर लाल अक्षरे काढली जातात. दोन्ही रंग सारखेच गडद असले की अक्षरांच्या कडा डोळ्यांसमोर थरथरतात आणि वीस पावलांवरून मजकूर वाचता येत नाही. काळी अक्षरे काढली तर गोब्लँच्या विणकरांची तक्रार पुन्हा ऐकावी लागते. पांढरे किंवा पिवळे अक्षर गडद निळ्यावर लांबून वाचता येते, कारण तेथे उजेडाचा फरक मोठा आहे. आपल्या वस्तीतल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हे माहीत असते. घाई असते ती मजकूर देणाऱ्यांना.

रंगाचे हे सामर्थ्य राजकीय कामासाठी जाणीवपूर्वक वापरणारा एक मोठा माणूस पॅरिसमध्येच भेटतो. १९०० साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या दालनासाठी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन साठाच्या आसपास तक्ते हाताने रंगवून तयार केले. 'रंगरेषा' हा शब्द ज्यांनी जगभर पोहोचवला तेच हे डु बॉइस. जमीन, शिक्षण, धंदे, लोकसंख्या यांची जनगणनेतली कोरडी आकडेवारी त्यांनी तांबड्या, हिरव्या, सोनेरी आणि काळ्या रंगांच्या सपाट पट्ट्यांत, वर्तुळांत आणि गुंडाळत जाणाऱ्या वेटोळ्यांत मांडली. पैसे संपत आल्यामुळे बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गातून प्रवास करून डु बॉइस हे सामान घेऊन पॅरिसला गेले.

त्यांतला एक तक्ता पाहताच मनात ठसतो. १७९० ते १८७० या काळात अमेरिकेतील काळ्या लोकांपैकी किती गुलाम होते आणि किती स्वतंत्र, हे त्यात दाखवले आहे. गुलामांसाठी काळा रंग, स्वतंत्रांसाठी हिरवा. सगळा तक्ता काळ्या रंगाने भरलेला आहे. वरच्या कडेला हिरव्याची एक अरुंद पट्टी, सुरुवातीला शेकडा ८, पुढे १३-१४, १८६० साली पुन्हा ११. आणि मग १८७० पाशी तो हिरवा एकदम कड्यासारखा खाली कोसळतो आणि शेकडा १०० होतो. शेजारी एवढा काळा पसरला आहे म्हणूनच तो हिरवा असा पेटून उठतो. ऐंशी वर्षांचा इतिहास सांगायला एक वाक्यही खर्ची पडलेले नाही. हा तक्ता काढणाऱ्यांपैकी कोणी शेवरल वाचला होता की नाही याला महत्त्व नाही. शेजारचा रंग काय करतो हे त्यांना कळत होते. प्रदर्शनात या दालनाच्या कामासाठी डु बॉइस यांना सुवर्णपदक मिळाले. आज हे तक्ते वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. आपल्या वसतिगृहांची, जमिनींची, शिष्यवृत्त्यांची, अत्याचारांची आकडेवारी आपण आजवर अहवालांत पुरून ठेवली; ती भिंतीवर का रंगवली नाही, असा प्रश्न हे तक्ते पाहून पडतो.

याच डु बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करण्यात आला होता त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांसाठीही तसे पाऊल उचलण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डु बॉइसनी त्याच वर्षी आपुलकीने उत्तर दिले. १९४६ हे साल असे आहे. तेच 'हू वेअर द शूद्राज'चे साल. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका लहानशा कॉलेजात शेवरलचा नियम आणि रंगरेषा समोरासमोर आल्या.

त्या कॉलेजचे नाव ब्लॅक माउंटन. तेथे योझेफ आल्बर्स हा जर्मन चित्रकार १९३३ पासून शिकवत होता. हा घरे रंगवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत तो आधी विद्यार्थी, नंतर शिक्षक होता. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली. त्याची पत्नी आनी, जी स्वतः मोठी विणकर होती, ज्यू घराण्यातली होती. दोघांनी देश सोडला. आल्बर्सची रंग शिकवण्याची रीत न्यारी होती. तो विद्यार्थ्यांना रंगांच्या नळ्या देत नसे. रंगीत कागदांचे कपटे, कधी वाळलेली पाने, एवढेच साहित्य. त्यांतून एकच कपटा दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून दोन वेगळ्या रंगांचा भासवायचा, किंवा दोन वेगळे कपटे एकसारखे दिसतील असे करायचे, असे धडे असत. नियम आधी पाठ करायचे नाहीत, हाताने करून पाहायचे आणि मग बोलायचे. १९६३ साली त्याने हे धडे 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या ग्रंथात मांडले. रंग एकटा कधीच दिसत नाही, तो नेहमी कोणाच्या तरी सहवासात दिसतो आणि म्हणून सतत फसवतो, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आहे. शेवरलच्या कारखान्यात सुरू झालेली गोष्ट येथे शिक्षणाची पद्धत बनली.

परंतु वर्गाच्या बाहेर नॉर्थ कॅरोलिना होते. तेथे 'रंगीत' हा शब्द पाणपोईवर, शाळेवर, रेल्वेच्या डब्यावर कायमचा कोरलेला होता आणि तो कोणत्याही शेजारात बदलत नव्हता. ब्लॅक माउंटनमध्येही काळ्या विद्यार्थ्यांना घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि पहिली काळी विद्यार्थिनी, आल्मा स्टोन विल्यम्स, १९४४ च्या उन्हाळी संगीतवर्गात आली. १९४६ च्या उन्हाळ्यात आल्बर्सने जेकब लॉरेन्स या तरुण काळ्या चित्रकाराला शिकवायला बोलावले. लॉरेन्स आणि त्याची पत्नी, चित्रकार ग्वेंडोलिन नाइट, न्यूयॉर्कहून निघायचे होते. दक्षिणेच्या हद्दीत शिरताच काळ्या प्रवाशांना उठून वेगळ्या डब्यात जावे लागे. ते टाळण्यासाठी आल्बर्सने त्यांच्यासाठी स्वतंत्र डबा ठरवला. त्या उन्हाळ्यात हे दोघे जवळच्या ॲशव्हिल गावात गेले नाहीत. कॉलेजच्या आवारातच राहिले.

आल्बर्सची माणुसकी येथे उघड आहे, आणि तिची मर्यादाही. तो डबा म्हणजे शेवरलने नक्षीभोवती लावलेला पांढरा कागदच होता. कागद असेपर्यंत काळा आपल्या खऱ्या रूपात दिसला. कापड तसेच राहिले. कागदाच्या कपट्यांवर रंगाची सापेक्षता सिद्ध करणाऱ्या त्या वर्गाला कुंपणापलीकडच्या गावात काही करता आले नाही. हा दोष एकट्या आल्बर्सचा नाही, पण रंगविद्येच्या इतिहासात तो मांडला जात नाही म्हणून येथे मांडला.

लॉरेन्सने आल्बर्सकडून बरेच घेतले आणि ते ऋण त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले. पण तो तेथे कोरी पाटी घेऊन गेला नव्हता. १९१७ साली जन्मलेला हा मुलगा हार्लेममध्ये वाढला. त्याचे आईबाप दक्षिणेतून पोटासाठी उत्तरेला आलेल्या लाखो काळ्या लोकांपैकी होते. गरिबाघरी रंगच रंग असत, आईने अंथरलेल्या स्वस्त सतरंज्यांचे रंग पाहत आपण शिकलो, असे तो सांगत असे. गटेने ज्याला अशिक्षितांची आवड म्हटले, तीच ही शाळा. पुढे हार्लेममधील मुलांच्या केंद्रांत आणि कलेच्या कार्यशाळांत त्याला चित्रकलेचे शिक्षण मिळाले.

१९४०-४१ साली, आल्बर्सची भेट होण्यापूर्वी, त्याने या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका काढली. प्रत्येक फळी १२ इंच बाय १८ इंचांची, आणि प्रत्येकीखाली साध्या भाषेत एक मजकूर. फळ्या तयार करण्यात आणि मजकुरात ग्वेंडोलिनने हातभार लावला. काम करण्याची त्याची रीत एखाद्या रंगाऱ्याला शोभेल अशी होती. साठही फळ्यांवर आधी रेखाटन करून घेतले. मग एक रंग घेतला, आणि तो रंग जेथे जेथे लागणार होता तेथे साठही फळ्यांवर लावून टाकला. मग दुसरा रंग. गडदापासून सुरुवात करून फिक्याकडे जायचे. रंग फारसे एकमेकांत मिसळायचे नाहीत. त्यामुळे पहिल्या चित्रातला काळा आणि साठाव्या चित्रातला काळा एकच आहे. पहिल्यातला हिरवा, नारिंगी, पिवळा तोच शेवटी आहे. भोवतालची परिस्थिती तेवढी बदलत जाते. स्टेशनावरची गर्दी, ओसाड शेत, तुरुंगाचे गज, शाळेच्या फळ्याशी उभ्या मुली, दंगलीतले सोटे. तोच तपकिरी रंग एका चित्रात माणसाच्या चेहऱ्याचा आहे, दुसऱ्यात जमिनीचा. चित्रे एका रांगेत लावली की रंगच कथेचा धागा होऊन एका चित्रातून दुसऱ्यात जातो. मजकूर न वाचणाऱ्यालाही तो हाताला धरून नेतो.

त्या वर्षी मालिकेतील २६ चित्रे 'फॉर्च्यून' मासिकाने छापली आणि न्यूयॉर्कमधील एका प्रमुख कलादालनाने संपूर्ण मालिका मांडली. १९४२ साली दोन संग्रहालयांना ती हवी होती. तोडगा असा निघाला की सम क्रमांकाची ३० चित्रे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घ्यावीत आणि विषम क्रमांकाची ३० वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाने. लॉरेन्स २००० साली वारला. एका बैठकीत, एका रंगाने साठ फळ्यांवर चढवलेले ते रंग अजूनही दोन शहरांत विभागलेले आहेत. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये आणि त्यानंतरच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये ते पुन्हा एकत्र लावले गेले, तेव्हा पहिल्यापासून साठाव्यापर्यंत प्रत्येक चित्राला त्याचा शेजार परत मिळाला होता.